आंतरजालावरील नकाशे आणि त्सुनामीचे आप्लावन : एक चिकित्सा

१

नकाशा भूमीचे वर्णन करतो. त्या भूमीवर उद्या काय घडेल हे सांगणे हे त्याचे काम नव्हे. भूगोलाचा विद्यार्थी हा भेद प्रारंभीच शिकतो. तथापि गेल्या वीस वर्षांत आंतरजालावरील नकाशांनी हा भेद पुष्कळ अंशी पुसट करून टाकला आहे. २००५ साली गूगलचा नकाशा सर्वांना खुला झाला आणि त्याच वर्षी त्यावर इतरांना आपापली माहिती बसविण्याची सोयही झाली. तत्पूर्वी, फेब्रुवारी २००० मध्ये, ‘एंडेव्हर’ या अवकाशयानातून अकरा दिवस रडारने सर्वेक्षण करण्यात आले होते. त्यातून ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातील बहुतेक सर्व भूमीची उंची मोजली गेली व ती आकडेवारी विनामूल्य उपलब्ध झाली. या दोन गोष्टींच्या संयोगातून एक नवा नकाशा जन्मास आला. समुद्राची पातळी किती मीटर चढली हे वाचकाने निवडावे आणि त्या पातळीखालची सर्व भूमी निळी झालेली पाहावी, असे त्याचे स्वरूप आहे. २००६ पासून प्रसिद्ध असलेला ‘फ्लड मॅप्स’ हा या जातीचा एक प्रारंभीचा व सर्वपरिचित नमुना होय. त्यानंतर असे अनेक नकाशे निघाले.

हे नकाशे मुळात जागतिक तापमानवाढीमुळे सावकाश चढणाऱ्या समुद्रासाठी कल्पिलेले होते. परंतु २६ डिसेंबर २००४ च्या आपत्तीची स्मृती ताजी असताना त्यांचा उपयोग त्सुनामीकडे वळणे स्वाभाविक होते. ‘दहा मीटरांची लाट आली तर आपले गाव बुडेल काय?’ हा प्रश्न किनाऱ्यावरील कोणाच्याही मनात येतो, आणि नकाशात ‘१०’ हा आकडा निवडला की त्याचे उत्तर क्षणात पडद्यावर उमटते. हे उत्तर कितपत ग्राह्य मानावे, हा येथील विवेचनाचा विषय आहे. या नकाशांना खेळणे म्हणून झिडकारणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. कारण ज्या किनाऱ्यांसाठी दुसरा कोणताही नकाशा नाही, तेथे हाच एक हाताशी असतो. म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक साक्षेपाने व्हावयास हवी.

२

प्रथम उंचीचा विचार करू लागता असे दिसते की, नकाशा जिला भूमी म्हणतो ती सर्वत्र भूमी नसते. अवकाशातून सोडलेली रडारची लहर दाट झाडीच्या माथ्यावरून किंवा घरांच्या छपरांवरून परत फिरते. मातीपर्यंत ती क्वचितच पोहोचते. परिणामी जेथे झाडी किंवा वस्ती दाट, तेथे भूमी वास्तवाहून उंच नोंदली जाते. या सर्वेक्षणासाठी ठरविलेली उंचीतील चुकीची कमाल मर्यादा १६ मीटर होती. प्रत्यक्ष परिणाम तिच्याहून पुष्कळ चांगले आले हे खरे. पण डोंगराची उंची मोजताना जी चूक नगण्य ठरते, तीच सखल किनाऱ्यावर सर्व गणित उलटवू शकते. जेथे एक-दोन मीटरांवर गावाचे भवितव्य अवलंबून असते, तेथे पूर्ण मीटरांत नोंदलेली उंची हेच मुळी जाडेभरडे माप होय.

या दोषाचे परिमाण २०१९ साली कल्प व स्ट्राउस यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. अमेरिकेच्या सखल किनारपट्टीत ही उंची सरासरीने सुमारे ३.७ मीटर जास्त नोंदली गेल्याचे त्यांना आढळले. हा दोष कमी करून त्यांनी जगाच्या किनाऱ्यांची पुन्हा गणना केली. सध्याच्या भरतीरेषेखालील भूमीवर राहणाऱ्या लोकांची संख्या जुन्या उंचीनुसार २ कोटी ८० लाख निघत होती. ती नव्या गणनेत ११ कोटींवर गेली. समुद्र तोच, माणसे तीच. बदलला तो केवळ भूमीच्या उंचीचा आकडा. झाडे व इमारती वजा करून उंची देणाऱ्या सारण्या अलीकडे उपलब्ध झाल्या आहेत आणि त्यामुळे परिस्थिती सुधारली आहे. परंतु नकाशाच्या पाठीशी कोणती सारणी आहे हे पडद्यावर ठळकपणे लिहिलेले नसते, आणि निळा रंग सर्व सारण्यांत सारखाच दिसतो.

हा दोष कोकणच्या किनाऱ्यास लावून पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. खाडीच्या काठची खारफुटी ही किनाऱ्यावरील सर्वांत सखल भूमी होय. भरतीचे पाणी तिच्यात रोज शिरते. रडारला मात्र तेथे तिवरांचे माथे दिसतात आणि नकाशा त्या जागी काही मीटर उंचीची कोरडी जमीन दाखवितो. याउलट रायगड जिल्ह्यातील खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने उभे राहिलेले मातीचे बांध काही हात रुंदीचे असतात. ज्या जाळीतील एकेक चौकोन ३० किंवा ९० मीटरांचा आहे, तीत असा बांध दिसणे शक्यच नाही. म्हणजे ज्या खारभूमीवर बांध व उघाडी यांच्या आधाराने भात पिकते, ती नकाशाला उघड्या समुद्राशी जोडलेली वाटते. आणि जी खारफुटी खरोखरच पाण्यात उभी आहे, ती त्याला बांधासारखी वाटते. नकाशाने भूमी आणि बांध यांची अदलाबदल केली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याखेरीज ‘समुद्रसपाटी’ या शब्दातही एक गोंधळ दडलेला आहे. सर्वेक्षणातील उंची पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणावरून कल्पिलेल्या एका आदर्श पातळीपासून मोजली जाते. मुंबईच्या भरतीरेषेपासून नव्हे. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीत ४ मीटरांहून अधिक अंतर पडते. तेव्हा ‘दोन मीटरांची लाट’ या शब्दांना ती कोणत्या वेळी आली हे सांगितल्यावाचून अर्थच प्राप्त होत नाही. ओहोटीच्या वेळची दोन मीटरांची लाट रोजच्या भरतीरेषेच्या आतच राहील. उधाणाच्या माथ्यावर आलेली तीच लाट बांध ओलांडून जाईल. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्यालगत झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचल्या होत्या व येथे त्यांची उंची सुमारे २ मीटर असल्याची नोंद आहे. त्यात माणसे वाहून गेली. ‘२’ हा आकडा निवडून नकाशाला विचारले असता तो या घटनेविषयी काहीच सांगू शकत नाही, कारण भरतीची वेळ त्याच्या प्रश्नपत्रिकेतच नाही.

३

उंचीचे दोष आकडे सुधारून कमी करता येतील. दुसरा दोष अधिक मूलगामी आहे; तो पाण्याविषयीच्या कल्पनेत आहे. या नकाशांची रीत घंगाळाची आहे. घंगाळात पाणी ओतले की ते सर्व बाजूंनी सारख्या पातळीने चढते आणि त्या पातळीखालचे सर्व काही बुडते. समुद्र शतकभरात सावकाश चढत असेल, तर त्याला ही रीत ढोबळमानाने लागू पडते. कारण पाण्याला सर्वत्र पोहोचण्यास हवा तेवढा वेळ असतो. त्सुनामी मात्र पातळी नसून गती आहे. ती काही मिनिटे आत येते, मागे हटते आणि पुन्हा येते. घंगाळ भरण्याइतका अवकाश तिला बहुधा मिळत नाही, आणि मिळाला तरी ती सर्वत्र सारखी भरत नाही.

या गतीचे नियम जलगतिशास्त्रात सुप्रतिष्ठित आहेत. तरंगाची लांबी समुद्राच्या खोलीच्या मानाने फार मोठी असल्यामुळे त्याचा वेग खोली व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. ४,००० मीटर खोलीवर हा वेग ताशी सुमारे ७०० किलोमीटर भरतो. १० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ३६ किलोमीटरांवर येतो. वेग घटला की मागचे पाणी पुढच्या पाण्यावर चढते आणि लाटेची उंची वाढते. घर्षण व परावर्तन यांचा विचार न करता केवळ खोलीवरून हिशेब केला, तर ४,००० मीटर खोलीवर एक मीटर उंच असलेली लाट १० मीटर खोलीवर सुमारे साडेचार मीटर होते. म्हणजे किनाऱ्यावर लाट किती उंच येईल हे किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ ठरवितो. आणि नेमका हा समुद्रतळच त्या नकाशात नाही. रडार पाण्याखाली पाहू शकत नाही. २०२४ च्या मध्यापर्यंत जगातील समुद्रतळापैकी सुमारे एक चतुर्थांश भागाचेच प्रत्यक्ष मापन झाले होते. निळ्या रंगाने रेखलेल्या भूमीच्या पुढ्यात असलेला निळा समुद्र हा नकाशाचा सर्वांत अज्ञात प्रदेश आहे, ही गोष्ट वाचकाच्या लक्षात सहसा येत नाही.

भूमीवर आल्यानंतर पाण्याला घर्षण, चढ, इमारती, रस्ते, झाडी यांच्याशी झुंजावे लागते. सपाट मैदानात ते पसरते आणि पसरता पसरता त्याचा जोर ओसरतो. निमुळत्या खोऱ्यात ते दाटते व आपल्या संवेगाच्या बळावर किनाऱ्यावरील उंचीहूनही वर चढते. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर हे दोन्ही प्रकार एकाच लाटेने घडवून आणले. मियाको नगराच्या परिसरातील अनेयोशी या अरुंद खोऱ्यात पाणी सुमारे ४० मीटर उंचीपर्यंत चढले. सेंदाईच्या सपाट मैदानात ते काही ठिकाणी ५ किलोमीटरांहून अधिक आत गेले. परंतु जेथे ते थांबले, तेथील भूमीची उंची किनाऱ्यावरील लाटेच्या उंचीपेक्षा फारच कमी होती. या मैदानातून जाणाऱ्या तोबू द्रुतगती मार्गाचा मातीचा भराव पुष्कळ ठिकाणी पाण्याला आडवा आला, आणि त्यावर चढलेल्या लोकांचे प्राण वाचले. त्या दिवशी एकूण ५६१ चौरस किलोमीटर भूमी पाण्याखाली गेली.

येथे घंगाळाची रीत लावून पाहावी. किनाऱ्यावर दहा मीटर पाणी धरले, तर ती सेंदाईच्या मैदानात पाण्याला वास्तवाहून फार आत नेईल आणि अनेयोशीच्या खोऱ्यात त्याला वास्तवाच्या चौथाईवर थांबवील. चाळीस मीटर धरले, तर अनेयोशीचे उत्तर जुळेल, पण सेंदाईचे मैदान डोंगराच्या पायथ्यापर्यंत बुडालेले दिसेल. एकाच घटनेतील दोन स्थळांना एकच आकडा लागू पडत नाही. मग न घडलेल्या घटनेसाठी तो कोणत्या आधारावर निवडावयाचा?

भूमीही अशा वेळी स्थिर नसते. त्याच भूकंपात ओशिका द्वीपकल्प सुमारे १.२ मीटर खचले. २००४ साली निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, ४ मीटरांहून अधिक खाली गेले आणि तेथील दीपस्तंभाचा पायथा समुद्रात आला. लाट येण्यापूर्वीच जी भूमी खाली जाते, तिची २००० सालची उंची लाटेच्या हिशेबात कशी धरावी, हा प्रश्न नकाशासमोर उभाच राहत नाही.

४

या दोषांविरुद्ध एक बचाव नेहमी पुढे केला जातो. नकाशा ढोबळ आहे हे मान्य. पण तो सावधगिरीच्या बाजूने चुकतो, म्हणून लोकांच्या रक्षणासाठी तो चालेल, असा हा युक्तिवाद आहे. वरील विवेचनावरून तो टिकत नाही हे उघड आहे. मैदानात हा नकाशा संकट वाढवून दाखवितो, तर खोऱ्यात घटवून. झाडीखालची भूमी उंच मानून तो संकट लपवितो, आणि बांध न दिसल्याने तो ते निर्माणही करतो. जी चूक एकाच दिशेची असते, तिच्यावर ठराविक मीटर अधिक धरून उपाय करता येतो. स्थळागणिक दिशा बदलणाऱ्या चुकीवर असा कोणताही सरसकट उपाय नाही.

याहून सूक्ष्म असा एक धोका आहे, आणि संशोधकाने विशेष जपावे तो याच ठिकाणी. उंचीची चूक बहुधा भूमीला वर उचलते व पाण्याला अडविते. घंगाळाची रीत मैदानात पाण्याला अतिदूर नेते. या दोन चुका परस्परविरुद्ध असल्यामुळे एखाद्या किनाऱ्यावर त्या एकमेकींना खोडून काढतात, आणि नकाशाची निळी रेषा प्रत्यक्ष पूररेषेशी चांगली जुळते. अशा वेळी ‘प्रतिमानाची पडताळणी झाली’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनिवार होतो. पण दोन चुकांनी मिळून दिलेले बरोबर उत्तर ही पडताळणी नव्हे. तो योगायोग होय. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. किनारा असा एकजिनसी नसतो. एका गावी जुळलेली रेषा शेजारच्या खाडीत जुळेल असे मानण्यास काहीही आधार नाही. उलट उंचीची सारणी सुधारली की हा योगायोग मोडतो आणि सुधारलेला नकाशा मूळ नकाशापेक्षा वाईट भासू लागतो. प्रतिमानाची परीक्षा केवळ पूररेषेवरून न करता पाण्याची खोली, वेग आणि येण्याची वेळ या तिन्हींवरून करावी, या आग्रहाचे मर्म येथे आहे. घंगाळ यांपैकी वेग व वेळ ही दोन सांगूच शकत नाही, आणि माणसाच्या जीवाशी गाठ असते ती मुख्यतः याच दोहोंची. गुडघाभर खोल पण वेगाने वाहणारे पाणी माणसाचे पाय उपटून टाकते. नकाशात मात्र तेथील निळा रंग फिकाच असतो.

५

मग गतीचे नियम पाळणारी प्रतिमाने वापरली की प्रश्न सुटला, असे म्हणता येईल काय? अशी प्रतिमाने उपलब्ध आहेत. तोहोकू विद्यापीठात विकसित झालेल्या प्रतिमानाचा उपयोग अनेक देशांत होतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रातून २००७ पासून जे इशारे दिले जातात, त्यांसाठीही संभाव्य भूकंपांची गणिते अगोदर करून ठेवलेली असतात. ही प्रतिमाने घंगाळाहून सर्वथा श्रेष्ठ आहेत यात संशय नाही. तथापि त्यांनाही एक गृहीतक लागते: भूकंप कोठे व किती मोठा होईल हे. तेथे चूक झाली, तर पुढील निर्दोष गणितही त्या चुकीचेच अचूक चित्र काढते.

इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळेची कथा या संदर्भात विसरता येण्याजोगी नाही. ही शाळा किताकामी नदीच्या मुखापासून सुमारे ४ किलोमीटर आत होती. स्थानिक आपत्ती-नकाशात ती आप्लावनाच्या रेषेबाहेर दाखविलेली होती. इतकेच नव्हे, तर आश्रयस्थान म्हणून तिची नोंद होती. तो नकाशा आंतरजालावरील हौशी नकाशा नव्हता. अपेक्षित भूकंप धरून अधिकृतपणे केलेला होता. भूकंपानंतर मुले सुमारे पाऊण तास शाळेच्या पटांगणात थांबली. शाळेमागे टेकडी होती. पाणी नदीच्या पात्रातून वर आले. ७४ विद्यार्थी आणि १० शिक्षक व कर्मचारी त्यात गेले. पालकांनी दाद मागितली. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शाळेच्या व नगराच्या अधिकाऱ्यांवर दोष ठेवला, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय कायम झाला. उच्च न्यायालयाच्या विवेचनाचा एक महत्त्वाचा भाग असा की, शाळा नदीच्या इतकी निकट असताना आपत्ती-नकाशा कितपत विश्वसनीय आहे हे अधिकाऱ्यांनी स्वतः तपासून पाहावयास हवे होते. नकाशाची चिकित्सा करणे ही केवळ विद्वानांची हौस नसून ते कर्तव्य आहे, असाच या निर्णयाचा अर्थ होतो.

त्याच किनाऱ्यावर कामाइशी नगरातील उनोसुमाई भागात याच्या उलट घडले. तेथील माध्यमिक व प्राथमिक शाळाही नकाशातील रेषेबाहेरच होत्या. पण त्या मुलांना आपत्तीशास्त्राचे अध्यापक कातादा यांच्या मार्गदर्शनाखाली नकाशातील अंदाजावर विसंबू नये असे शिकविण्यात आले होते. नकाशात स्वतःची शाळा सुरक्षित दिसत असतानाही मुले धावत सुटली, ठरलेल्या आश्रयस्थानीही न थांबता आणखी वर गेली, आणि वाचली. दोन्ही ठिकाणी नकाशा सारखाच चुकला होता. भेद पडला तो नकाशा वाचण्याच्या रीतीत.

६

यावरून आंतरजालावरील नकाशांचे योग्य स्थान ठरविता येते. पाणी कोठपर्यंत येईल हे सांगण्यास ते असमर्थ आहेत. पण पाणी आले तर वाटेत काय काय सापडेल हे सांगण्यास ते फार उपयोगी आहेत. वस्ती, शाळा, दवाखाने, पूल, उंचावर जाणाऱ्या वाटा यांची नोंद त्यांच्याइतकी सहज अन्यत्र मिळत नाही. घटनेनंतरच्या उपग्रहचित्रांवरून पूररेषा आखता येते आणि प्रतिमानाच्या परीक्षेसाठी ती अमोल ठरते. प्रत्यक्ष गणितासाठी घर्षणाचे प्रमाण ठरवितानाही भूमी शेतीची आहे की दाट वस्तीची, हे या नकाशांवरून कळू शकते. सारांश, गणिताला लागणारी सामग्री म्हणून हा नकाशा उत्तम आहे. गणिताला पर्याय म्हणून तो त्याज्य आहे.

विद्यापीठीय संशोधनात त्याचा उपयोग करताना काही गोष्टी किमान म्हणून पाळल्या गेल्या पाहिजेत. उंचीची सारणी कोणती, तिची शून्य पातळी कोणती आणि भरतीची कोणती वेळ धरली, हे नकाशावरच लिहावे. समुद्रतळाचे मापन कोठून घेतले हे सांगावे, आणि ते घेतलेच नसेल तर त्या चित्रास ‘त्सुनामीचा नकाशा’ हे नाव देऊ नये; ‘सखल भूमीचा नकाशा’ हे त्याचे खरे नाव होय. बांध, उघाड्या, खारफुटी यांची पाहणी प्रत्यक्ष जाऊन करावी; कोकणातील एखाद्या खाडीचा असा अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे आणि त्याची उणीवही आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका निश्चित रेषेऐवजी अनिश्चिततेचा पट्टा दाखवावा. बारीक रेषा पाहणाऱ्यास तिच्या बाहेरची भूमी सुरक्षित वाटते. रुंद पट्टा पाहणारा आपण पट्ट्यात आहोत काय असा प्रश्न तरी विचारतो.

अनेयोशीच्या खोऱ्यात, १९३३ च्या त्सुनामीनंतर, याच्या खाली घरे बांधू नका अशी सूचना कोरलेला एक दगड ग्रामस्थांनी उभा केला. २०११ चे पाणी त्या दगडाच्या खालीच थांबले आणि वरची घरे वाचली. तो दगडही एक रेषाच आखतो. परंतु ती रेषा पाणी प्रत्यक्ष पाहिलेल्या लोकांनी, पुन्हा येणारी लाट याहून मोठी असू शकेल हे ध्यानात धरून आखली होती. पडद्यावरील निळी रेषा कोणत्याही गावासाठी क्षणात आखली जाते, आणि तिच्यामागे त्या गावातील कोणाचाही अनुभव नसतो. तो अनुभव, समुद्रतळाचे मापन आणि गतीचे गणित ही तिन्ही तिच्यामागे उभी करणे हे अभ्यासकाचे काम आहे. ते झाल्यावाचून ती रेषा कोणाच्याही हाती सुरक्षिततेचे आश्वासन म्हणून देणे शास्त्राला धरून होणार नाही.